आलाप घरात, ओटीपी सड्यावर

दिवाळी अंकांचे संपादक कथा मागतात ती ऐन पावसाळ्यात, आणि राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या वाडीत त्या दिवसांत कौलांवर कोसळणाऱ्या सरींखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. शहरातल्या स्नेह्यांना हा आवाजच लेखनाला पोषक वाटतो. मला मात्र जून उलटल्यावर त्यात छप्पर कुठे गळते आहे एवढेच ऐकू येते. म्हणून लिहिताना मी इअरफोन घालून संगीत लावते.

कोणते संगीत लावायचे, हा प्रश्न लवकर सुटला. आमच्या घरात नाट्यसंगीताचे वेड असल्यामुळे पद सुरू झाले की त्याची पुढची ओळ मनात आधीच उमटते आणि कथेतल्या पात्राच्या तोंडी भलताच शब्द येऊन बसतो. शब्द नसलेलेच काही हवे होते, आणि ध्रुपद अंगाने वाजवलेल्या रुद्रवीणेत ते सापडले. या वादनाचे आलाप, जोड आणि झाला असे तीन टप्पे असतात. आलापाला ठेका नसतो, जोडात लय येते आणि झाल्यात ती वाढत जाते. रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांचा दीर्घ आलाप लावावा, तो चालू असताना प्रसंग मनाशी जुळवावा, जोड सुरू झाला की लिहायला लागावे आणि झाल्यात हात थांबवून नुसते ऐकावे. कारण झाल्याच्या भरात लिहिलेली माझी वाक्ये दुसऱ्या दिवशी हमखास खोडावी लागतात.

अडले ते जाहिरातींपाशी. मोबाइलवरच्या ज्या अॅपमधून मी हे ऐकत असे, ते फुकट वापरणाऱ्याला मधूनमधून जाहिराती ऐकवते. वीणा मंद्र सप्तकात उतरलेली आहे, कथेतली विधवा आत्या अखेर तोंड उघडणार आहे, आणि तेवढ्यात एक उत्साही तरुण कर्ज घेण्याचा आग्रह करू लागतो. आत्या पुन्हा गप्प बसते आणि तासभर बोलत नाही. सलामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाहिलेले अंक क्रमाने आठवण्याच्या कामात वाद्यसंगीतापेक्षा शब्द असलेल्या गाण्याने अधिक व्यत्यय आणला होता. मग गाण्याऐवजी थेट बोलणेच कानात शिरले तर काय होणार, हे सांगायला मला प्रयोगशाळेची गरज वाटत नाही.

जाहिराती बंद करायच्या तर वर्षाची वर्गणी भरायची होती, आणि त्या पानावर कार्डाखेरीज दुसरा पर्याय दिसत नव्हता. आमच्या घरी फायबरचे इंटरनेट आहे. मोबाइलची रेंज मात्र नाही, कारण वाडी घळीत आहे आणि टॉवर पलीकडच्या डोंगरावर. त्यामुळे पैसे भरण्याचे पान घरात व्यवस्थित उघडे, कार्डाचा क्रमांक स्वीकारला जाई, आणि ओटीपीचा एसएमएस येतच नसे. फोन घेऊन सड्यावर, म्हणजे वाडीच्या वरच्या कातळाच्या पठारावर, चढले की साचलेले सगळे एसएमएस एकदम येत. पण तोवर त्या ओटीपींची मुदत संपलेली असे, आणि तिथे इंटरनेट इतके मंद चाले की पैसे भरण्याचे पान अर्धे उघडून तसेच राही. पान खाली आणि ओटीपी वर, आणि मध्ये पावसाने निसरडी झालेली जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. छत्री सांभाळत मी ती चढले आणि उतरले, तेवढ्या वेळात कथेची दोन पाने तरी लिहून झाली असती.

बँकेच्या ग्राहक सेवेला सड्यावरूनच फोन लावला. प्रत्येक वेळी दुसरी व्यक्ती बोले, प्रत्येक वेळी माझी जन्मतारीख विचारली जाई आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळे, की रेंज असलेल्या ठिकाणी जाऊन पुन्हा प्रयत्न करावा. ओटीपी ई-मेलवर मिळण्याची सोय आहे का, असे विचारल्यावर त्यासाठी शाखेत फॉर्म भरून द्यावा लागेल, असे सांगण्यात आले. तो फॉर्म भरायला मी भर पावसात एसटीने राजापूर गाठले. रांगेत बराच वेळ उभे राहिल्यावर कळले की त्या फॉर्मवर सही करणारे अधिकारी रजेवर आहेत. ‘मॅडम, सोमवारी या,’ असे काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्याकडे न पाहता सांगितले. सोमवारी यायचे म्हणजे पुन्हा अख्खा दिवस घालवायचा, हे त्यांच्या गावीही नव्हते.

संतापाने एसटी स्टँडवर येऊन बसले तेव्हा फोनवर रेंजच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसल्या. तिथल्या बाकावर बसून मी वर्गणीचे पान उघडले, कार्ड घातले, ओटीपी क्षणात आला, आणि गाडी लागायच्या आत काम झाले. तो फॉर्म मी पुढे कधीच भरला नाही. माझ्यासारखी घळीतली घरे कोकणात पुष्कळ आहेत. त्यांतल्या कोणाला असे काही विकत घ्यायचे असेल तर त्याने बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी बसूनच ते उरकावे. मात्र ओटीपी सड्यावर थांबलेल्या भाच्याकडून ओरडून मागवण्याची युक्ती करू नये. तो कोणालाच सांगायचा नसतो, आणि वाटेत ऐकणारे कान बरेच असतात.

वर्गणी भरल्यावर घरच्या इंटरनेटवर हवे ते आलाप फोनमध्ये उतरवून ठेवावेत, कारण लाईट गेली की फायबरही जाते. लिहायला बसण्यापूर्वी फोन विमान मोडवर टाकावा. माझ्या मते संगीत निवडणे हे लेखनाच्या वेळेचे कामच नव्हे. ते आदल्या रात्री करावे, नाहीतर सकाळ निवडण्यातच जाते.

संगीताने प्रतिभा जागते का, असे मला विचारतात. त्याविषयीचे संशोधन एकमुखी नाही. रिटर आणि फर्ग्युसन यांच्या २०१७ च्या अभ्यासात आनंदी संगीत ऐकणाऱ्यांना शांततेत बसलेल्यांपेक्षा अधिक नव्या कल्पना सुचल्या. उलट २०१९ साली ब्रिटन आणि स्वीडनमधल्या संशोधकांना, तीन शब्दांशी जुळणारा चौथा शब्द शोधण्याच्या कोड्यांत शब्दविरहित संगीतही अडथळाच ठरल्याचे आढळले. ही कोडी काही सेकंदांची असतात आणि कथा काही आठवड्यांची, त्यामुळे मी त्या निष्कर्षाने विचलित झाले नाही. तरीही अडलेला एखादा नेमका शब्द शोधताना मी वीणा थांबवते, आणि शेवटचा खर्डा तपासताना तर काहीच लावत नाही. आत्या बोलली, कथा वेळेत गेली.

वर्गणीच्या आपोआप नूतनीकरणाला मी तेव्हाच संमती दिली होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा पुढच्या वर्गणीला पुन्हा ओटीपी लागत नाही, फक्त पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना येते. ती एसएमएसने हवी की ई-मेलने, असे विचारले होते. मी ई-मेल निवडले आहे.