अर्जात मराठी पेस्टच होईना : माझा अनुभव

आमच्या वाचनालयाचा अनुदानाचा ऑनलाइन अर्ज एकदाचा सबमिट झाला. नोंदणी, ओटीपी, कागदपत्रं अपलोड, सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते 'संस्थेचा इतिहास व कार्य' या एका चौकटीत.

इतिहास आमच्या जुन्या कार्यवाहांनी डीटीपी सेंटरवरून छान टाइप करून आणला होता, कृतिदेव फाँटमध्ये. वर्डमध्ये सिलेक्ट केला, कंट्रोल-सी, अर्जात जाऊन कंट्रोल-व्ही, आणि समोर नुसती रोमन अक्षरं! 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच. वर लाल अक्षरांत सूचना : 'माहिती मराठीतच भरावी.' हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणे ब्राउझर बदलून बघा, मॅडम. बदलला. तेच.

कारण शेवटी माझ्या भाच्याने सांगितलं. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये संगणक मराठी अक्षर साठवतच नाही. साठवतो रोमन 'ई', आणि फाँट त्यावर 'म'चं चित्र दाखवतो. कॉपी केल्यावर क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या संगणकातल्या जागेवर, नुसता मजकूर आणि फाँटसकट मजकूर असे दोन्ही प्रकार जातात. ज्याला जे झेपतं ते तो उचलतो. वर्ड फाँटसकट घेतं, अर्जाची चौकट नुसता मजकूर घेते. मग चित्र गेलं, 'ई' उरला. कुठलाही मराठी मजकूर अर्जात टाकण्याआधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, तेही नुसता मजकूरच घेतं. तिथे मराठी दिसली तर ती युनिकोड आहे, म्हणजे संगणकाने खरंच मराठी अक्षरं साठवली आहेत, बिनधास्त पुढे जा.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. मग अर्जाच्या सूचनांत 'युनिकोड' हा एक शब्द लिहायला काय हरकत होती? गावोगावच्या संस्थांचे कागद अजून जुन्या फाँटमध्येच पडलेत, हे कार्यालयाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

उपाय म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टर. इंटरनेटवर फुकट मिळतात, फक्त आपला फाँट नेमका निवडायचा. श्रीलिपी या दुसऱ्या जुन्या फाँटच्या मजकुराला कृतिदेवचा कन्व्हर्टर चालत नाही. नंतर मात्र ओळ न् ओळ वाचा. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोन्ही बरोबर उलटं. ही अदलाबदल करतानाच कन्व्हर्टर चुकतो. आमच्या मजकुरात 'कार्यकारिणी' पानोपानी, आणि त्यात दोन्ही आहेत! ते सगळे शब्द मी हाताने तपासले आणि मजकूर निर्दोष गेला, याचा मला अभिमान आहे.

हे करताना कट वापरू नका, कॉपीच करा. कट केलेला मजकूर क्लिपबोर्डवर असतो खरा, पण मध्येच दुसरं काही कॉपी केलं की त्याची जागा ते घेतं. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल-झेडने परत येतो. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास आधीच चालू करून ठेवा, मागचे तुकडेही मिळतात. पीडीएफमधून मराठी उचलायला जाऊ नका, काना-मात्रा विस्कटतात. मूळ फाइलच मागून घ्या.

आणि हो, बँक खात्याचा क्रमांक दुसऱ्यांदा भरायच्या चौकटीत पेस्ट चालतच नाही. तिथे पासबुक हातात घेऊन एकाने आकडे वाचावेत, दुसऱ्याने टाइप करावेत.