तुम्ही विचारलंत म्हणून: यादीत पहिलं नाव कुठलं?

एप्रिल-मे आला की इथे गोव्यात, फोंड्याच्या बाजारात भाजी घेतानासुद्धा कुणीतरी मला थांबवतं. “टीचर, आमच्या बायचा चांगल्या कॉलेजात नंबर लागायला हवा. काय करू? कुठला क्लास लावू?” सत्तावीस वर्षं हायर सेकंडरीला गणित शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दारी येणारच. बाजारात उभ्या उभ्या त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इंजिनीअरिंगपुरतं का होईना, इथे लिहिते. आणि प्रवेशाच्या यादीत पहिलं नाव कुठलं लिहायचं, तेही.

क्लासचं आधी सांगून टाकते. जो घराजवळ आहे आणि जिथे मुलाची चुकलेली उत्तरं कुणीतरी शेजारी बसून बघतं, तो चांगला. नावासाठी रोज दोन-अडीच तास कदंबा बसमध्ये काढणारी मुलं मी बघितली आहेत. संध्याकाळी वही उघडायचं त्राण त्यांच्यात उरत नाही.

जेईई मेन ही इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा वर्षात दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरला जातो. तरी ‘पोर्शन संपला नाही’ म्हणून जानेवारीला न बसणारी मुलं दरवर्षी भेटतात. बसवा त्यांना. परीक्षेनंतर मुलाने दिलेली उत्तरं आणि उत्तरसूची दोन्ही बघायला मिळतात. चुकलेल्या प्रश्नांचे तीन गठ्ठे करा: येत नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, आणि अंदाजाने ठोकलं. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीला 1 जातो. तिसरा गठ्ठा एप्रिलपर्यंत संपवला तरी बराच फरक पडतो. आणि अकरावीकडे दुर्लक्ष नको. दहावी झाली, आता गणेशचवथीपर्यंत जरा मोकळं सोडू, असं घरोघरी म्हणतात. मुलं दमलेली असतात, मलाही ते कळतं. पण पेपरात अकरावीचं भरपूर येतं आणि बारावीत ते परत शिकवायला कुणाला वेळ नसतो. बोर्डाची परीक्षाही सांभाळा. आयआयटीला आणि एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांना, सर्वसाधारण गटात बारावीला 75 टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं.

इथवरचं तुम्हाला क्लासवालेही सांगतील. मला कळकळीने बोलायचंय ते निकालानंतरच्या दिवसांबद्दल. मुलाने दोन वर्षं घाम गाळून मिळवलेला रँक तिथे वाया जाताना मी बघितलाय.

मागे सत्तरी तालुक्यातली एक मुलगी वडिलांबरोबर घरी आली. वडिलांच्या हातात दोनशे पानी वही. शेवटच्या पानावर लाल बॉलपेनने आखलेले रकाने: संस्था, शाखा, गेल्या वर्षीचा क्लोजिंग रँक, म्हणजे जागा मिळालेल्या शेवटच्या मुलाचा रँक. सतरा ओळी होत्या आणि पहिल्या ओळीत सिव्हिल. मी मुलीला विचारलं, “तुला सिव्हिल करायचंय?” तिने वडिलांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “नाही टीचर, इलेक्ट्रॉनिक्स. पण ते मिळायचं नाही. पहिला चॉइस फुकट जाईल.”

हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय! चॉइस फुकट जात नाही. आयआयटी-एनआयटीच्या जागा एकत्र वाटणाऱ्या ‘जोसा’च्या प्रवेशात संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो. पहिल्या नावावर तुमच्यापेक्षा वरच्या रँकच्या मुलांनी जागा भरल्या असतील तर तो दुसऱ्या नावावर येतो, तिथे नाही तर तिसऱ्यावर. तिसऱ्या नावावर आल्यावर तुमचा हक्क जराही कमी होत नाही. तीच शाखा पहिली लिहिणाऱ्या मुलाचा रँक तुमच्या खाली असेल, तर जागा तुमचीच. नावं किती लिहावीत यालाही मर्यादा नाही. म्हणून मनात जो क्रम आहे तोच लिहायचा. रँक बघून भीतीने वरखाली करायचं नाही.

मी जुन्या कालनिर्णयाची पानं काढली, पाठकोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या आणि एकेका पट्टीवर एकेक नाव तिच्याकडूनच लिहून घेतलं. म्हटलं, आता रँक विसर आणि ह्या टेबलावर लाव. इलेक्ट्रॉनिक्सची पट्टी तिने सर्वांत वर ठेवली. खालच्या दोन-तीन पट्ट्या पुन्हा पुन्हा हलवल्या. वडील गप्प बसून बघत होते. सिव्हिल नवव्या जागी गेलं.

मग वहीतले आकडे बघताना दुसरी गोष्ट लक्षात आली. वडिलांनी सगळे रँक बाहेरच्या राज्यांच्या ओळीतले उतरवले होते. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातून बारावी करणाऱ्या मुलांसाठी असतात आणि त्यांचे क्लोजिंग रँक वेगळे छापलेले असतात. एनआयटी गोवाच्या तक्त्यात कोट्याच्या रकान्यात ‘जीओ’ (म्हणजे गोवा) लिहिलेली ओळ असते, ती आपल्या मुलांची. ती ओळ वाचली तेव्हा वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मुलीला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, तिसऱ्या राउंडला. (आयआयटीला मात्र राज्याचा कोटा नाही. फर्मागुडीच्या टेकडीखाली राहणाऱ्या मुलालाही वर आयआयटी गोवात जायला देशभरातल्या मुलांच्याच रांगेत उभं राहावं लागतं. झुआरीनगरच्या बिट्स कॉलेजचंही तेच, तिथे बिटसॅट ही त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते.)

यादीला दुसरी बाजूही आहे. ‘नाव मोठं आहे’ एवढ्यासाठी एका मुलाने दूरच्या राज्यातली एक जागा गोव्याच्या वर लिहिली होती. मिळणारच नाही, राहू दे, असं घरच्यांचं म्हणणं. पहिल्या राउंडला गोवा मिळालं. तिथे तीन शब्द समोर येतात: फ्रीझ, स्लाइड, फ्लोट. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. स्लाइड म्हणजे ह्याच संस्थेत यादीतली वरची शाखा मिळाली तर हवी. फ्लोट म्हणजे यादीत वर असलेलं काहीही मिळालं तर हवं. त्याने फ्लोट केलं. पुढच्या राउंडला ती दूरची जागा लागली आणि गोव्याची आपोआप गेली. आई आजारी होती, मुलाला घरापासून लांब जायचंच नव्हतं. त्या घरात तो आठवडा कसा गेला ते मी जवळून पाहिलं. म्हणून सांगते, मिळालं तर आनंदाने जाल, तेवढंच वर लिहा.

आणि दाखले. ओबीसीचा नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा आणि त्यावरची तारीख त्या वर्षीच्या 1 एप्रिलची किंवा नंतरची हवी. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाकडे दाखला होता, फेब्रुवारीतला. त्याला सर्वसाधारण गटात धरलं आणि हातातली शाखा गेली. निवासी दाखल्यासाठी मामलतदार कचेरीत निकालाआधी जा, नंतर रांग लागते. नावाची स्पेलिंगं तर आजच ताडून बघा. आपल्याकडे एकाच घरात बापाचं गांवकर एका स्पेलिंगचं, मुलाचं दुसऱ्या, आणि जन्मदाखल्यावर तिसरंच असतं. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे ते धरून बाकीचं दुरुस्त करून घ्या, आणि ते अकरावीत असतानाच.

यादी लावायला मदत हवी असेल तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते. वही आणा, जीओच्या ओळीचे रँक उतरवून आणा, आणि मुलाला सोबत आणा. पट्ट्या त्याच्याच हातांनी लावायच्या आहेत.