न्यूयॉर्कची नोंदणी

न्यूयॉर्कच्या वकिली नोंदणीचे नूतनीकरण करण्याची सूचना आज आली. ती नोंदणी दर 2 वर्षांनी, वाढदिवसानंतर 30 दिवसांच्या आत करावी लागते आणि शुल्क 375 डॉलर असते. आई म्हणाली, "जिथे राहू देत नाहीत, तिथली सनद कशाला जपायची?" तिने ते काळजीपोटी विचारले, हे मला कळते, पण दिवसभर हायकोर्टात माझे चित्त थाऱ्यावर नव्हते.

मला सलते ते नेमके हेच, की सनद दिली आणि राहू मात्र दिले नाही. मे महिन्यात एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, पूर्ण झाली, जुलैत बारची, म्हणजे वकिलीच्या सनदेची, परीक्षा दिली, ऑक्टोबरच्या अखेरीस निकाल लागला, मग चारित्र्याची प्रमाणपत्रे, मुलाखत आणि शपथ. तोवर ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीच्या, 12 महिन्यांतले निम्म्याहून अधिक सरून गेले होते. माझ्याबरोबर राहणाऱ्या इंजिनिअर मुलींना आणखी 24 महिने मिळत होते, कायद्याच्या पदवीला ती सवलत नाही. त्यामुळे त्यांना एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत पुन्हा पुन्हा उतरता आले आणि माझ्या वाट्याला एकच मार्च आला. 65,000 आणि अमेरिकेतल्या उच्च पदवीधरांसाठी आणखी 20,000 जागा, त्यांत माझे नाव नव्हते. त्या आठवड्याबद्दल आज लिहिणार नाही.

1973 साली ग्रिफिथ्स या डच बाईंच्या खटल्यात, केवळ परकीय नागरिक म्हणून वकिली नाकारता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तो निकाल शिकताना मला केवढा धीर आला होता! पण त्या तिथल्या कायम रहिवासी होत्या. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना लुइझियाना राज्याने बारची दारे बंद केली, तेव्हा 2005 मध्ये तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. न्यूयॉर्कने मला तसे अडवले नाही, एवढे मात्र मान्य केलेच पाहिजे.

आणि आपला 1961 चा अधिवक्ता अधिनियम तरी काय म्हणतो? कलम 24 प्रमाणे सनद भारतीय नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला ती मिळते, पण त्याचा देश आपल्या लोकांना वकिली करू देत असेल तरच. हे कलम संध्याकाळी पुन्हा वाचले आणि मनातली तक्रार बरीच निवळली. शुल्क मी भरणार आहे. परीक्षा माझी मी दिली होती, आणि तिचे फळ व्हिसाबरोबर संपलेले नाही.

सरांनी जहाजाच्या भाडेकराराचे एक प्रकरण माझ्याकडे सोपवले आहे. त्यातला लवाद न्यूयॉर्कचा आहे. करारातले लवादाचे कलम उद्याच्या बैठकीआधी नीट वाचून ठेवायचे आहे.