दुतोंड्याला किती?

नाशकात पाऊस मोजायला मिलिमीटर लागत नाहीत. "दुतोंड्याला किती?" एवढं विचारलं की झालं. रामकुंडाजवळ गोदापात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते त्याच्या घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला लागत जातं. (गोदावरीला इथली जुनी माणसं गोदावरी म्हणतच नाहीत. "गंगेला पूर आलाय.") मग आम्ही छत्र्या घेऊन होळकर पुलावर. दरवर्षी तिथे कठड्याला टेकलेला कुणीतरी भेटतोच, "कमरेपर्यंतच आहे हो, काय मजा नाही," असं म्हणणारा. त्याच वेळी तिकडे भांडी बाजारात नि सराफ बाजारात दुकानदार माल वरच्या फळीवर चढवत असतात. पण पुलावरच्या माणसाचं दुकान तिथे नसतं.

हा पुलावरचा माणूस मला पुढे भलत्याच ठिकाणी भेटला.

2019 च्या जुलैत भाचा इंजिनिअरिंगला नाशिकला आला आणि आमच्याकडे राहू लागला. येताना एक ट्रंक आणि फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतींचा नाद घेऊन आला. पहिल्या पंधरवड्यातच त्याने मला संध्याकाळी टीव्हीसमोर बसवलं. जर्मनीतली होकेनहाइमची रेस होती, पाऊस होता, आणि भाचा हात चोळत म्हणाला, "मामा, तुमचं नशीब. पहिलीच रेस ओली!"

ओली म्हणजे काय ते तासाभरात कळलं. शेवटच्या वळणांपाशी बाहेरच्या अंगाला गुळगुळीत डांबराची पट्टी होती, तिथे पाणी साचलं होतं. शेवाळलेल्या घाटाच्या पायरीवर पाय जावा तशा गाड्या एकामागून एक तिथून सरकत गेल्या. लेक्लेर नावाचा ड्रायव्हर घसरला. हॅमिल्टनही घसरला, नशिबाने गाडीचं नुसतं नाक मोडून परत आला. त्याच्या टीमचा त्या दिवशी शर्यतींच्या 125 वर्षांचा सोहळा होता, मेकॅनिक जुन्या काळचे पोशाख घालून सजलेले. त्या थाटात त्यांची अशी काही तारांबळ उडाली की चाकं बदलायला तब्बल 50 सेकंद लागले. लग्नाच्या मांडवात ऐन मुहूर्ताला अंतरपाट सापडू नये, तसं. विसाव्या नंबरावरून निघालेला व्हेटेल दुसरा आला. भाचा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता आणि मी, ज्याला त्या दिवसापर्यंत कोणती गाडी कुणाची हेही ठाऊक नव्हतं, तोही ओरडत होतो.

पुढच्याच रविवारी इकडे दुतोंड्या बुडाला. गुडघा नाही, छाती नाही, अख्खा. त्या दिवशी पुलावर "मजा नाही" म्हणणारा कुणी नव्हता.

तर या रेसवाल्यांचं असं असतं. शनिवारपासून हवामानाचा अंदाज बघत बसतात. ढग नाही म्हटलं की तोंड पडतं, "आता काय, मिरवणूक निघणार." पाऊस हवा, कारण कोरड्या रस्त्यावर सरस गाडी पुढे राहते आणि ओल्यात ड्रायव्हरचा हात दिसतो. पण तो बेताचा हवा. दुतोंड्याच्या गुडघ्याइतका.

फार झाला तर काय होतं, ते 2021 च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पाला बघितलं. आपल्याकडे साडेसहाची रेस. गाड्या सेफ्टी कारच्या (सगळ्यांना हळू चालायला लावणारी पुढची गाडी) मागे थोड्या फिरल्या आणि लाल झेंडा, म्हणजे रेस थांबली. मग वाट. बायकोने भजी केली, ती संपली. जेवणं झाली. ओटा आवरून झाला. तिकडे लोक जंगलातल्या चिखलात रेनकोट घालून तीन तास बसलेले. पावणेदहाला गाड्या पुन्हा निघाल्या, सेफ्टी कारच्याच मागे, मोजून तीन फेऱ्या मारल्या आणि परत आल्या. निकाल धरला पहिल्या फेरीअखेरचा. कुणी कुणाला ओलांडलं नाही, तरी पहिला, दुसरा, तिसरा ठरला आणि निम्मे पॉइंट वाटले गेले. हॅमिल्टननेच सांगितलं की प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत द्यायला हवेत. पुढे नियमही बदलले. भाच्याचा मात्र राग पावसावरच. आदल्या दिवशी देवाकडे मागितला होता तोच हा पाऊस, याची आठवण मी करून दिली नाही.

रेस थांबवतात कशाला, हे मला आधी कळायचं नाही. एवढाल्या शूर गाड्या आणि पावसाला घाबरतात? मग भाच्याने समजावलं. भर पावसासाठी जे निळ्या पट्ट्याचे टायर असतात, त्यातला एकेक टायर ताशी 300 किलोमीटर वेगात सेकंदाला 85 लिटर पाणी उपसतो. म्हणजे आपल्या पाच-सहा बादल्या. ते पाणी जातं कुठे? मागच्याच्या तोंडावर. भर पावसात कसारा घाटात ट्रकच्या मागे सापडलेल्याला पुढचं सांगायला नको. वायपर फिरत राहतो आणि आपण देवाचं नाव घेत राहतो. इथे तर वायपरही नाही. टायरला रस्ता धरता येतो, पण ड्रायव्हरला तो दिसत नाही.

त्याच होकेनहाइमला, त्याच निसरड्या पट्टीवर आणखी एक जण गेला होता, हुल्केनबर्ग. कित्येक वर्षं झाली तरी कधी पहिल्या तिघांत आला नव्हता, त्या दिवशी तोंडाशी आलेला घास होता, आणि गाडी भिंतीत. तेव्हापासून हा माणूस माझा. 2025 च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला परत पाऊस आला आणि एकोणिसाव्या नंबरावरून निघालेला हुल्केनबर्ग तिसरा आला. 239 व्या रेसमध्ये पहिलं पोडियम. भाच्याचा पुण्याहून फोन, "मामा, रडताय का?" मी म्हटलं, सर्दी झालीये.

पण पावसाची सगळ्यात लक्षात राहिलेली रेस 2024 ची, साओ पावलोची. 3 नोव्हेंबर, आपली भाऊबीज. ताई आणि दाजी निफाडहून आलेले, भाचाही घरी. ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि रात्री नऊला ब्राझीलचा पाऊस सुरू झाला. आदल्या दिवशी इतका पडला होता की पात्रता फेरीसुद्धा रेसच्याच दिवशी सकाळी उरकावी लागली होती. भाचा नॉरिसवाला, आणि नॉरिस सगळ्यात पुढे. व्हर्स्टॅपेन सतराव्या नंबरावर. भाच्याने चकल्यांचा डबा मांडीवर घेतला तो जिंकल्यासारखाच.

पाऊस वाढला तसा नॉरिस टायर बदलायला आत गेला. व्हर्स्टॅपेन आणि आल्पीन टीमचे दोघे मात्र गेले नाहीत. मग एक गाडी आपटली, लाल झेंडा लागला, आणि लाल झेंड्यात सगळ्यांना टायर फुकट, म्हणजे वेळ न गमावता, बदलता येतात. न थांबलेल्यांची चांदी झाली. भाचा उसळला, "हा कसला नियम? मामा, तुम्हीच सांगा!" मी काय सांगणार? पुढे व्हर्स्टॅपेन ज्या तऱ्हेने सगळ्यांना मागे टाकत गेला ते फुकटच्या टायरचं काम नव्हतं, हे भाच्यालाही दिसत होतं. फक्त त्या रात्री कबूल करायचं नव्हतं.

दाजी मघापासून गप्प होते. त्यांची दोन एकर द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणी होऊन कोवळे पोंगे फुटलेले. टीव्हीवर पाणी उडताना ते वेगळंच काहीतरी बघत असावेत. एकदम म्हणाले, "हे तिकडचंच आहे ना? आत्ताचं?"

"तिकडचंच, पप्पा. ब्राझील."

"बरंय." आणि थोड्या वेळाने, "यातला घंटाभर जरी आता आपल्याकडे आला, तर डाऊनीच्या रोगाची फवारणी करता करता दिवाळी विसरायला होईल."

भाचा गप्प झाला. मग त्याने आवाज थोडा कमी केला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. व्हर्स्टॅपेन जिंकला, मागोमाग दोन्ही आल्पीन. ताई आतून म्हणाली, झाली का तुमची पळापळी, अंथरुणं घालायचीत. दाजी उठले, बाल्कनीचं दार सरकवून बाहेर गेले आणि कठड्यापलीकडे तळहात धरून बराच वेळ उभे राहिले. आत आले तेव्हा हात कोरडा होता, तरी त्यांनी तो धोतराला पुसला.