बसायला जागा, वीज आणि सोबती

काही वर्षांपूर्वी गिरणेच्या पात्रातील वाळूउपशाची बातमी मी सलग तीन दिवस लावली आणि चौथ्या रात्री दोन अनोळखी माणसे घरी येऊन, माझा मुलगा कोणत्या शाळेत जातो हे मलाच सांगून गेली. पत्नी आणि मुलाला चाळीसगावला तिच्या माहेरी पाठवून मी पहाटेच्या एसटीने धुळे गाठले. ज्याच्या घरी उतरलो तो प्रतिस्पर्धी दैनिकाचा वार्ताहर होता आणि बातमी कोणाची आधी यावरून आमची अनेकदा वादावादी झालेली होती. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि एवढेच म्हणाला, "चिंता करू नको भाऊ, हाई घर तुनंच शे." वहिनींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. जेवण होईपर्यंत त्याने खिडकीजवळचे स्वतःचे टेबल रिकामे केले होते, चार्जरसाठी जोडतार ओढून ठेवली होती. बारा दिवस मी त्या टेबलावरून माझ्या दैनिकाला बातम्या पाठवल्या आणि तो जेवणाच्या पाटावर लॅपटॉप ठेवून त्याच्या दैनिकाला पाठवत राहिला.

माझे ते बारा दिवस म्हणजे युद्ध नव्हे. तशी तुलना करणे युद्धात घर गमावलेल्यांचा अपमान ठरेल. परंतु विस्थापित पत्रकाराला पहिल्या दिवशी काय लागते, हे मला त्या टेबलावर समजले.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, तेव्हा पूर्वेकडील शहरांतून असंख्य पत्रकार अंगावरच्या कपड्यांनिशी पश्चिमेकडे निघाले. त्यांच्या राष्ट्रीय पत्रकार संघाने युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय पत्रकार महासंघ यांच्या मदतीने त्याच वसंतात ल्विव्ह, इव्हानो-फ्रान्किव्हस्क आणि चेर्निव्हत्सी येथे पत्रकार ऐक्य केंद्रे उघडली. पुढे आघाडीच्या जवळ असलेल्या झापोरिझिया आणि खार्किव्ह येथेही ती सुरू झाली. या केंद्रांत बसायला टेबल, इंटरनेट, निवाऱ्याची माहिती आणि आघाडीवर जाणाऱ्यांना तात्पुरती वापरायला चिलखती जाकीट व शिरस्त्राण मिळू लागले. २०२२च्या हिवाळ्यात वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रे पडू लागल्यावर जनरेटरही तेवढाच मोलाचा ठरला. जखमेवर दाबपट्टी कशी आवळावी, म्हणजे रक्तस्राव थांबेल, हे तिथे वार्ताहरांना प्रत्यक्ष हाताने करायला शिकवले जाते. आपल्याकडच्या किती तालुका प्रतिनिधींना ते येते? मला येत नाही. इझ्यूम आणि लीमान ही त्यांची तालुक्याएवढी गावे. रशियाच्या ताब्यातून मुक्त झाल्यावर तिथली स्थानिक वृत्तपत्रे पुन्हा छापली जाऊ लागली, कारण जिथे वीज आणि मोबाइल दोन्ही नव्हते तिथे कागदच वाचला जाणार होता. ते वाचताना मला आमच्या बसस्थानकावरचा पेपरवाला दिसत होता.

गाझात तर ही ओढाताण जीवघेणी झाली. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना तिथे स्वतंत्रपणे जाऊ दिले नाही, त्यामुळे जगाला जे दिसले ते मुख्यतः स्वतःच पुनःपुन्हा विस्थापित झालेल्या स्थानिक वार्ताहरांनी दाखवले. वीज आणि इंटरनेट मिळेल म्हणून त्यांनी रुग्णालयांच्या आवारात तंबू ठोकले आणि सर्वांनी एकत्र राहण्यात आधार शोधला. १० ऑगस्ट २०२५ रोजी अल-शिफा रुग्णालयाबाहेरच्या अशाच तंबूवर हल्ला होऊन अल-जझीरा वाहिनीचे वार्ताहर अनस अल-शरीफ आणि त्यांचे सहकारी मारले गेले. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या पूरक करारातील ७९वे कलम पत्रकाराला सामान्य नागरिकाचे संरक्षण देते. छातीवर ठळक अक्षरांत 'प्रेस' लिहून काम करणाऱ्यांनाही तिथे ते संरक्षण मिळाले नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

कायदा आपल्याकडेही आहे. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा संमत केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि तो हवाच होता. मात्र गुन्हा दाखल होऊन तपास सुरू होईपर्यंतची रात्र कुठे काढायची, या प्रश्नाला कलमांत उत्तर नाही, आणि मानधनावर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मागे बहुतेकदा कार्यालयही उभे राहत नाही.

म्हणून यंदा ६ जानेवारीला, दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घालून झाल्यावर, मी आमच्या पत्रकार संघात एक विषय मांडला. ज्याच्याकडे एक खोली, एक टेबल आणि इंटरनेट आहे, त्याने आपले नाव द्यावे. यादी दोनच माणसांकडे कागदावर राहील, मोबाइलवर फिरणार नाही. आणि दैनिक कोणते हे कोणी विचारणार नाही. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "नाना, आपल्याकडे कुठे युद्ध आहे?" मी त्यांना धुळ्याच्या त्या टेबलाची हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि माझ्याच वहीत स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. आतापर्यंत चोपडा, शिरपूर आणि शहादा येथून नावे आली आहेत. पारोळ्याच्या उत्तराची वाट पाहतो आहे, आणि दाबपट्टी शिकवायला तयार असलेल्या एका परिचारिकेशी येत्या रविवारबद्दल बोलणे चालू आहे.