भेगाळ मातीतली शिल्पं : आमची वाटचाल

मराठवाड्याची काळी माती कुंभाराला साथ देत नाही. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमची शिल्पं त्या भेगा बघूनच सुचली.

छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाण्याकडच्या भाड्याच्या शेडमध्ये, आम्ही नवरा-बायको आधी चहाचे मग, बरण्या, कुंड्या करायचो. त्यातूनच गॅसची भट्टी उभी राहिली. पुढे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मृण्मूर्ती पाहिल्या. तळहातावर मावतील एवढ्या, पण काय जिवंत! मातीचं शिल्प ही आपल्याच भागातली जुनी गोष्ट आहे हे तिथं पटलं आणि धीर आला.

शिल्पासाठी पांढरट स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजून दगडासारखी टणक होणारी माती वापरतो, त्यात भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतो. आकार आतून पोकळ ठेवावा लागतो. खरी परीक्षा वाळवताना. एप्रिलच्या झळांनी वरचा भाग भराभर सुकतो, बूड ओलंच राहतं आणि जोडावर चीर जाते. म्हणून शिल्प प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, रोज थोडं थोडं उघडायचं. पहिली भाजणी साधारण १००० अंशांची. ५७३ अंशांच्या आसपास मातीतली गारगोटी एकदम प्रसरण पावते, तिथं घाई चालत नाही. भट्टी निवतानाही तेच.

मग येते आपली काळी माती. फडक्यातून गाळून, फेल्डस्पार (वितळायला मदत करणारं खनिज) आणि लाकडाची राख घालून तिची झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर करतो. बेसॉल्ट खडकापासून झालेली माती, त्यामुळे लोह भरपूर. १२०० अंशांच्या वर ती वितळते. जाड थर काळाभोर होतो, कडांवर पातळ थर तांबूस उतरतो. हा रंग विकतच्या डब्यात मिळत नाही.

सगळीच शिल्पं रानातली नाहीत. गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, जुन्या दरवाजांच्या कमानी, टँकरभोवती उभे हंडे हेही आकार येतात, पण ओळखू येतील असे नाही. "हे नेमकं काय?" असं कुणी विचारलं की आम्ही आधी हात लावून बघायला सांगतो.

सध्या पैठण रस्त्यावरच्या एका घरासाठी भिंतीवरचं शिल्प चालू आहे. घरमालकांनी आपल्या शेतातली माती पोत्यात भरून आणून दिली. दर शिवारात चुनखडीचं प्रमाण निराळं, म्हणून आधी लहान तुकड्यांवर लावून भाजतोय. रंग त्यांना पसंत पडला की मोठी भट्टी लावू.