नाग नदीच्या काठाने: पारडीपर्यंत सायकल, पुढे चिखल

‘काठाकाठाने रस्ता आहे, सायकल आरामात जाते,’ असं ज्या मित्राने छातीठोकपणे सांगितलं, तो सध्या माझा फोन उचलत नाही. नागपुरात नाग नदीच्या काठाने रस्ता आहे, पण पारडीपर्यंतच.

वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांत नदी उगम पावते म्हणतात. कुंड, देऊळ वगैरे शोधत बसू नका; काळ्या दगडांतला ओहळ आहे, ऑक्टोबरअखेर तोही कोरडा. पहाटेची हवा छान. पुढे.

एक गोष्ट मात्र बघाच. दक्षिणेला हिंगण्याकडे उतरणारं पाणी वेणा नदीला आणि तिच्यातून वर्धेला जातं. आपल्या बाजूचं अंबाझरी तलावात येतं, मग नाग, कन्हान, वैनगंगा. दोन्ही पाण्यांची गाठ पडते ती थेट गडचिरोलीत, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते तिथे. चढावरची दमछाक एवढ्यासाठी वसूल.

वाडी ते अंबाझरी काठाने जायचं डोक्यातून काढा, आयुध निर्माणीचं कुंपण आडवं येतं. मुकाट अमरावती रोड धरा. तलाव १८७० सालचा. त्याचा सांडवा नीट बघून घ्या, म्हणजे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काठच्या वस्त्यांत पाणी कसं घुसलं ते कळेल: तलाव ओसंडला आणि खाली नदीला पसरायला जागाच नव्हती. शहरात नदी म्हणजे दोन भिंतींमधली गटारगंगा. पंचशील चौक, मोक्षधाम, अशोक चौक, पुलापुलावरून डोकावत निघालात तरी पुरे. एका पुलावर चहावाल्याला नदीचं विचारलं, तर म्हणाला, ‘कोणती नदी? थो तं नाला हाय ना भाऊ.’ पाऊस संपल्यावर आत मुख्यतः सांडपाणीच असतं, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही.

आता खरं दुखणं. भरतवाड्यापासून पावनगावपर्यंत, जिथे गोरेवाड्याकडून आलेली पिवळी नदी नागला मिळते, तिथवर जायची पायवाट नकाशात ठसठशीत दिसते. जमिनीवर काळी माती आहे. आदल्या दिवशी सर आली होती. दहा फुटांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती गच्च बसली, चाक फिरेना. काडीने कोरली, पुन्हा दहा फूट. शेवटी सायकल खांद्यावर घेतली, तर चपला मातीत राहिल्या. बाजूला पाण्यावर फेस, वास असा की नाक्यावर खाल्लेला तर्रीपोहा वर यायला लागला. साधारण दोन किलोमीटरला अडीच तास! संगम दिसला तेव्हा फोटोही काढला नाही.

तिथून पारडी नाक्यापर्यंत सायकलसकट यायला एका मालवाहू ऑटोवाल्याने सहाशे मागितले. घासाघीस करून साडेचारशे. माझा अवतार बघूनच भाव ठरला होता. तुम्ही तोंड धुऊन मग हात दाखवा.

हे करायचंच असेल तर फेब्रुवारीत करा, भरतवाड्यापासून पायी जा, बूट घाला, प्यायचं पाणी घरूनच न्या. पावनगावच्या पुढे कन्हानपर्यंत जायच्या भानगडीत मी पडलो नाही, तुम्हीही पडू नका. संगमच बघायचा असेल तर कुही तालुक्यात आंभोऱ्याला जा, कन्हान वैनगंगेला मिळते ती जागा. डांबरी रस्ता आहे.

मडगार्ड मात्र घरीच काढून ठेवा.